गाडीतली हत्यारं आणि हातातली हत्यारं

मी गाडीत हत्यारं घेऊन शेतावरचे पंप आणि यंत्रं दुरुस्त करत फिरतो. गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिंडोरी तालुक्यातली एक द्राक्षबाग, पोंगा अवस्था, म्हणजे कोंब नुकते फुटायला लागलेले, आणि रात्री पाऊस पडून गेलेला. अशा सकाळी द्राक्षवाल्याला दुसरं काही सुचत नाही. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धाकाने तो उजाडायच्या आत ट्रॅक्टर काढतो आणि फवारणीचा ब्लोअर नेमका त्याच दिवशी दगा देतो. मला सव्वासहाला फोन आला, साडेसातला मी बांधावर. बांधावर म्हणजे कच्च्या रस्त्याने माझी ईको व्हॅन जिथवर गेली तिथवर. पुढे सगळा चिखल. ब्लोअर उभा बागेच्या मधल्या रस्त्यात, गाडीपासून दोन-अडीचशे पावलांवर.

पंपाच्या काचेतून पाहिलं तर आतलं ऑइल दुधाळ झालेलं. म्हणजे डायफ्राम, पंपातला रबरी पडदा, फाटून पाणी ऑइलच्या बाजूला शिरलेलं. हे काही मोठं काम नाही. हेड खोला, फाटका डायफ्राम काढा, आतलं सगळं ऑइल सोडा, नवा बसवा, बोल्ट सारखे आवळा, ताजं ऑइल भरा. पाऊण तास फार झाला. मला दोन तास लागले.

पहिल्या फेरीत पाने आणले. डायफ्राम गाडीतच. दुसऱ्या फेरीत डायफ्राम आणला, तर खालचा एक बोल्ट फ्रेमच्या आड, साध्या पान्याला दाद देईना. तिसरी फेरी सॉकेटच्या एक्स्टेन्शनसाठी. चौथी ऑइलसाठी. पाचवी फडक्यासाठी, कारण सगळे हात ऑइलचे आणि अंगातला शर्ट धुतलेला. मालकाचे वडील, आप्पा, बांधावर बसून तंबाखू मळत होते. पाचव्या फेरीला त्यांनी मान वर केली.

"काय रे भाऊ, पंप नीट करायला आला का ब्रह्मगिरीची फेरी मारायला? फेरी श्रावणात असती."

मालक हसला नाही. त्याला फवारणीची घाई होती. मीही हसलो नाही. पण आप्पांचं ते वाक्य दिंडोरी नाक्यापर्यंत डोक्यात वाजत राहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी नाशिकला सिडकोत घरासमोर गाडी उभी केली आणि मागचं सगळं बाहेर काढून ताडपत्रीवर मांडलं. सोळा-सतराचा पाना तीन नग निघाले. पान्याची खोबणी झिजलेली म्हणून बाजूला टाकलेला एक, तोही धरला तर चार. पीटीओच्या (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचे दोन संच, ६२०५ ची सहा बेअरिंगं, नोझलच्या चकत्या पुडीत, पुडी फाटलेली. दोन वर्षांपूर्वी हरवला म्हणून मी नवा घेतलेला टेस्टर स्टेपनीच्या खळग्यात मिळाला. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून हे प्रदर्शन बघत होत्या. "हे सगळं परत घरात येणार नाही ना?" एवढंच विचारलं त्यांनी.

आता थोडं मागचं सांगतो. माझे वडील सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. नाशिकच्या माणसाला हत्याराचं तसं नवल नाही. टपारियाचा कारखाना इथलाच, त्र्यंबक रस्त्यावर सातपूरला, स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यातून उभा राहिलेला. आमच्या लहानपणी गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी तिथली पकड असायचीच. वडिलांकडे पत्र्याची पाच कप्प्यांची निळी पेटी होती. उघडली की दोन्ही बाजूंना जिन्यासारखे कप्पे उलगडायचे. खालच्या कप्प्यात हातोडी, छन्नी, पाइप पाना. वरच्या चारात पाने, कानस, एलन की. कोपऱ्यात कायम कापराच्या चार वड्या फडक्यात बांधून ठेवलेल्या. गंज धरू नये म्हणून. त्यामुळे ती पेटी उघडली की देवघराचा वास यायचा आणि त्यात मशीन ऑइलचा. मी काम सुरू केलं तेव्हा वडिलांनी तीच पेटी माझ्या हातात दिली. मीही ती मोठ्या अभिमानाने गाडीत ठेवली.

तीच माझी पहिली चूक, आणि हे लिहिताना जरा जड जातंय.

पेटी वाईट नव्हती. ती कारखान्यासाठी होती. फिटरचं बेंच एका जागी, पेटी बेंचवर, ती दोन्ही बाजूंना उघडायला जागाच जागा. गाडीत तिला उघडायची तर आजूबाजूचं सामान आधी हलवा. पत्र्यावर पत्रा, पाने त्यात मोकळे, म्हणजे पेठ रोडला लागलो की मागे भजनी मंडळ सुरू. वजन मी कधी केलंच नव्हतं. त्या दिवशी घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग पेटी हातात घेऊन उभा राहिलो. फरक आला २७ किलोचा. चिखलात एका हातात २७ किलो धरून अडीचशे पावलं चालून बघा. पेटी प्रत्येक पावलाला गुडघ्याला टक्कर देते. म्हणून मी ती कधी नेतच नव्हतो. लागेल ते हत्यार काढून न्यायचो, आणि मग फेऱ्या.

दुसरी चूक पैसे देऊन केली. ऑनलाइन एक चाकांची पेटी पाहिली. तीन मजली, ओढायला दांडा, जाहिरातीतला माणूस चकचकीत फरशीवरून एका बोटाने ओढत नेतोय. कंपनीचं नाव घेत नाही. आपल्याकडची काळी माती त्या जाहिरातवाल्याने बघितलेली नसणार. बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची चाकं पहिल्या वीस पावलांत मातीने भरली, मग ती फिरेनात, नुसती घासत चालली. पेटी नव्हे, वखरच ओढतोय असं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात एका कडीचा कान तुटला. फोन केला तर कडी वॉरंटीत येत नाही म्हणे. मग वॉरंटीत काय येतं हे विचारायचं राहिलं.

मधल्या काळात मी कॅरेट वापरले. टोमॅटोचे, ज्यांच्या भावाची गणती पिंपळगाव बाजारात वीस किलोच्या हिशोबाने होते, तेच. आणि खरं सांगतो, कॅरेटला नाव ठेवणारा माणूस मला भेटायचाय. स्वस्त, एकावर एक बसतात, दोन्ही बाजूंना धरायला जागा, पाणी साचत नाही, धूळ खाली गळून जाते, तुटला तर हळहळ नाही. त्यांचा दोष एकच, झाकण नाही आणि जाळीतून बारीक सामान पळतं. नोझलच्या चकत्या मी मुंबई-आग्रा हायवेभर पेरल्या असतील. पण ऑइलचे कॅन, होजपाइपचे तुकडे, बेल्ट, चिंध्या यांच्यासाठी माझ्या गाडीत आजही दोन कॅरेट आहेत आणि राहतील.

तर त्या रात्री ताडपत्रीवरचं सामान बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं मी हत्यारं जातीनुसार लावत होतो. पाने पान्यांबरोबर, पकडी पकडींबरोबर, सुटे भाग सुट्या भागांबरोबर. कारखान्यात हे बरोबर. गाडीवर काम करणाऱ्याने हत्यारं लावायची ती कामानुसार आणि अंतरानुसार. डायफ्राम बदलायला काय काय लागतं? दोन पाने, एक सॉकेट, एक्स्टेन्शन, डायफ्राम, ओ-रिंगा, एक लिटर ऑइल, फनेल, फडकं. हे सगळं एका पेटीत. त्यातला पाना दुसऱ्या पेटीतही लागत असेल तर दोन पाने घ्या. माझ्याकडे तसेही चार निघालेच होते.

मग मी हिशोब असा बसवला. एक पिशवी, जी गाडीतून उतरताना हातात येतेच, काम काय आहे ते माहीत नसलं तरी. त्यानंतर कामाच्या पेट्या: पंपाची, पीटीओ-बेल्टची, विजेची आणि ड्रिपची. तोंड बघून, बिघाड ओळखून, परत येऊन त्यातली एक उचलायची. म्हणजे फेऱ्या दोन. आणि बाकीचं, जे कधीतरी लागतं, पाइप पाना, पुलर, मोठा हातोडा, ते गाडीत कायमचं.

पिशवी जाड कापडाची घेतली, तळ कडक रबरी, तोंड उघडं. चेनची पिशवी घेऊ नका, धूळ आणि सल्फरची पावडर चेनमध्ये बसली की चेन संपली. बाहेरच्या खिशांत स्क्रू ड्रायव्हर उभे राहतात, आत दहा-अकरापासून सोळा-सतरापर्यंतचे पाने, पकड, टेस्टर, टॉर्च, इन्सुलेशन टेप, फडकं. फडकं आठवणीने. भरल्यावर वजन साडेसात किलो. त्याच्यावर जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय. दर महिन्याला एखादं हत्यार चोरपावलाने आत शिरतंच, मग एक दिवस काट्यावर ठेवून उपसायची.

पेट्यांसाठी मात्र मी बरीच वणवण केली. आजकाल एकमेकांवर बसून कडीने अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात. बॉशची एल-बॉक्स, मिलवॉकीची पॅकआउट, डिवॉल्टची टफसिस्टीम, अशी सगळ्यांची आपापली घराणी आहेत आणि एकाची पेटी दुसऱ्याच्या पेटीवर बसत नाही. सोयरीक करावी तशी ही निवड आहे. एकदा घरात शिरलात की पुढचं सगळं तिथूनच. एल-बॉक्सचं मला आवडलं ते हे की पेटी कमी-जास्त उंचीची असली तरी लांबी-रुंदी तीच राहते, त्यामुळे गाडीतला खण एकदाच मापून करता येतो. पण चार पेट्यांचा हिशोब केला आणि गप्प बसलो. मी शेवटी भद्रकालीतून साध्या, एकमेकांवर बसणाऱ्या देशी पेट्या घेतल्या. एकाच मापाच्या चार, वर दोन जास्तीच्या, कारण पुढच्या वर्षी तेच माप मिळेल याची खात्री दुकानदारही देत नव्हता.

दुकानात मी काय केलं ते सांगतो, दुकानदाराला ते फारसं रुचलं नाही. खिशात वायसर आणि दोन-तीन ओ-रिंगा नेल्या होत्या. बारीक सामानाची पारदर्शक झाकणाची खणाखणांची डबी असते ना, तिच्या एका खणात वायसर टाकले, दुसऱ्यात ओ-रिंगा, झाकण लावलं आणि डबी उलटी करून जोरात हलवली. उघडून बघितलं. पाच डब्यांपैकी तीनमध्ये वायसर शेजारच्या खणात पाहुणे गेलेले. झाकण आणि खणाची भिंत यांच्यात दोन मिलिमीटरची फट असली तरी पातळ वायसर जातोच. गाडीत डबी आडवी पडणार, उभी पडणार, स्पीडब्रेकरला उडणार. झाकणाच्या आतून उठाव असलेली, भिंतीवर घट्ट बसणारी डबी हवी. चौथ्या डबीला मी हसलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, घ्यायचीय ना नक्की?"

मोठ्या पेटीची परीक्षा वेगळी. हात ओला करून कडी लावून बघायची, एका हाताने. दुसऱ्या हातात काहीतरी असतंच. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी आहे का ते बोट फिरवून बघायचं. काही पेट्यांवर आयपी ६५ वगैरे लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सहन होतो. पाण्यात बुडवायची परवानगी त्यात नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या पेट्यांवर असं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून घरी आणल्यावर आत वर्तमानपत्र ठेवून गच्चीवर पाइपने पाणी मारलं. तीन कोरड्या राहिल्या. चौथीत कोपरा भिजला. तिच्यात आता ड्रिपचं सामान आहे, लॅटरलचे जोड, ग्रोमेट, एंड कॅप. त्यांचं आयुष्यच पाण्यात जायचंय.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रिकामी पेटी उचलून बघू नका. दुकानात सगळ्याच पेट्या हलक्या असतात. मी दुकानदाराकडून वजनमापं मागून घेतली आणि पेटीत पंधरा किलो घालून हँडलने धरली. एका पेटीचं हँडल बोटांत रुतलं, एकीचा तळ चक्क पोटासारखा खाली आला.

गाडीत खण करायला सुतारमामा आले. ईको कार्गो आहे, मागे सीट नाहीत, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि मागचा दरवाजा वर उघडतो. साध्या प्रवासी गाडीची सीटं काढून असं काही करायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि ते आपल्या सोयीने वागत नाही. मामांना बारा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय हवा होता, मलाही. भांडण झालं ते ड्रॉवरवरून. ते म्हणाले, किचन ट्रॉलीसारखे चॅनल लावून ड्रॉवर देतो, बघा कसे मख्खन सरकतात. सरकले. पहिल्याच दिवशी द्वारका चौकात वळताना दोन ड्रॉवर आपोआप सरकत बाहेर आले आणि पुन्हा दुसऱ्या वळणाला शहाण्यासारखे आत गेले. मग प्रत्येकाला कडी बसवली. आता वाटतं, ड्रॉवर नकोच होते. नुसते उघडे खण, समोर दोन इंचाची पट्टी आणि पेटीला आडवा पट्टा, एवढं पुरतं.

खण जमिनीला पक्के करताना मामा ड्रिल घेऊन वाकले तेव्हा मी त्यांचा हात धरला. पत्र्याखालून पेट्रोलची नळी जाते, ब्रेकची जाते. आधी गाडीखाली झोपून बघा. आम्ही कंपनीने दिलेल्या आट्यांच्या भोकांतच बोल्ट मारले. जड सामान सगळ्यात खाली आणि होईल तितकं पुढे, माझ्या सीटमागच्या जाळीला टेकून. कारण सांगायला नको. कसारा घाटात समोरच्या ट्रेलरने ब्रेक मारला तेव्हा मागे मोकळा ठेवलेला पाइप पाना माझ्या कानाजवळून जाऊन डॅशबोर्डावर आदळला होता. तेव्हा जाळी नव्हती. डॅशबोर्डवरची ती खोक मी भरून घेतलेली नाही.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये द्राक्षाच्या खरड छाटणीच्या, म्हणजे उन्हाळी छाटणीच्या, दिवसांत गाडी बांधावर उन्हात उभी असते. बंद गाडीत टेपचा गोंद वितळून रीळ एका बाजूने सरकतं. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या तर अशा उष्णतेत ठेवायच्याच नसतात. म्हणून ड्रिल, बॅटऱ्या आणि क्लॅम्प मीटर यांची पेटी सगळ्यात छोटी, वेगळी, आणि ती माझ्याबरोबर झाडाखाली येते. रात्री तीच तेवढी घरात येते. काचांना काळी फिल्म लावता येत नाही, त्यामुळे मागे काय आहे ते सिडकोभर दिसतं. बाकीच्या पेट्या चोराने नेल्या तर माझं नुकसान होईल, पण त्यालाही वजन उचलून कळेल.

हो, वडिलांची पेटी अजून आहे. ती गाडीतून निघाली, घराच्या ओट्यावर बेंचखाली गेली. खोललेले पंप मी तिथेच भरतो, तिथे ती दोन्ही हात पसरून उघडते. कापूर मी बदलतो.

पेटीचं प्लॅस्टिक आणि पत्रा यावरून मित्र वाद घालतात तेव्हा मी त्यांना एक पाना दाखवतो. निफाडकडच्या एका बागेत बोर्डो हे बुरशीनाशक करायला मोरचूद भिजत घातलेलं होतं, त्या बादलीत माझा बारा-तेराचा पाना पडला. जेवून येईपर्यंत तसाच राहिला. काढला तेव्हा क्रोम उडालेली जागा तांब्याच्या लोट्यासारखी लाल. मोरचुदाच्या पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं, शाळेत प्रयोग केलेला असतो, पण आपल्याच पान्यावर बघताना वेगळं वाटतं. फडक्याने घासलं तर लाली निघाली आणि खाली लोखंड खाल्लेलं. द्राक्षाच्या बागेत हवेत, हातावर, फडक्यावर मोरचूद आणि गंधक असतंच. पत्र्याच्या पेटीचा तळ म्हणूनच आधी जातो. प्लॅस्टिक धुता येतं. मी दर रविवारी चारही पेट्या उलट्या करून झटकतो, महिन्याला एकदा धुतो. वडिलांच्या पेटीचं असं करायची हिंमत झाली नसती.

जानेवारीत पुन्हा दिंडोरीच्या त्याच बागेत जायचा योग आला. या वेळी बेल्ट. थंडी अशी की पाना हाताला चिकटतोय असं वाटत होतं. पिशवी घेऊन गेलो, बघितलं, परत आलो, दोन नंबरची पेटी नेली. आप्पा शेकोटीजवळ होते. काही बोलले नाहीत, फक्त चहा आणायला सांगितलं.

एका गोष्टीला मात्र अजून जागा सापडलेली नाही. ग्रीस गन. उभी ठेवा, आडवी ठेवा, नळीच्या तोंडाला टोपी घाला, प्लॅस्टिकची पिशवी बांधा, ती गळतेच. पेटीत ठेवली तर पेटी बरबटते, खणात ठेवली तर खण. सध्या पाच लिटरचा ऑइलचा कॅन अर्धा कापून, तळाला पुठ्ठा घालून, त्यात उभी करून सीटमागे बांधलीय. पुठ्ठा दर आठवड्याला बदलावा लागतो. कुणी याच्यावर इलाज काढला असेल तर कळवा, मी येऊन बघून जाईन.